छेद कुणाच्या हातात?

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत आमच्या भागात फ्लेक्स लागतात. शाळेचं नाव, संस्थापकांचा फोटो, इच्छुक नगरसेवकाचा त्याहून मोठा फोटो, आणि मधोमध लाल अक्षरांत 'सलग अमुक वर्षं १००% निकालाची परंपरा'. खाली पहिल्या तीन मुलांचे पासपोर्ट साइझ फोटो. महिनाभर ते हार घालून घेतात आणि पहिल्या जोराच्या पावसात कुणाच्या तरी छपरावर ताडपत्री म्हणून जातात. ते छप्पर बऱ्याचदा याच शाळेतून नववीत बाहेर पडलेल्या मुलाच्या घराचं असतं. हा काव्यात्म न्याय वगैरे नाही. वस्तीत ताडपत्री महाग आहे, एवढंच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. दिवसभर कुठल्या ना कुठल्या डॅशबोर्डवरच्या टक्केवाऱ्या बघणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. टक्केवारी दिसली की आधी विचारायचं, कशाची टक्केवारी? अंश किती, हे सगळेच सांगतात. छेद काय धरला, हे खोदून विचारावं लागतं. एखादी सेवा '९९ टक्के वेळा यशस्वी' आहे असं टीम सांगते, आणि मग कळतं की अर्धवट तुटलेल्या विनंत्या त्यांनी मोजल्याच नव्हत्या. असं करणाऱ्याला आमच्याकडे शाबासकी मिळत नाही. शाळांना मात्र मिळते.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईच्या गरीब वस्त्यांमधल्या माध्यमिक शाळांची अडचण अभ्यासाची आहे, आणि ती खरी आहे, मोठी आहे. पण ती सुटत नाही याचं एक मोठं कारण असं की ती लपवण्याचं साधन आपण शाळांच्याच हातात देऊन ठेवलं आहे. ते साधन म्हणजे इयत्ता नववी. दहावीच्या निकालाचा छेद नववीत ठरतो, आणि तो शाळा ठरवते.

*

एप्रिल २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्या वर्षी मी आठवीत गेलो. हार्बर लाइनवरची मराठी माध्यमाची अनुदानित शाळा. आठवीत आमच्या तीन तुकड्या होत्या. दहावीत दोन, आणि दुसरीतले मागचे बाक रिकामे. मधल्या काळात ना पूर आला होता ना साथ. नववी आली होती. शिक्षकांच्या खोलीत तिला 'गाळणी' म्हणत आणि यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे. निकाल छान लागला. आमचाही फ्लेक्स लागला.

आता आम्ही चार मित्र दर रविवारी एका बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. मुलं देवनार, गोवंडी, मानखुर्दकडची. मुंबई महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला असलेला एम-पूर्व विभाग तो हाच. कचऱ्याचा डोंगर, पुनर्वसनाच्या एकमेकांना चिकटलेल्या इमारती, आणि त्यांच्या मधल्या फटींत वसलेल्या वस्त्या. इथे पालिकेच्या प्राथमिक शाळा भरपूर आहेत, माध्यमिक त्यामानाने फारच थोड्या. सातवी-आठवी झाली की मूल नव्या शाळेच्या दारात उभं राहतं. त्या दारात त्याला ओळखणारं कुणी नसतं आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतल्याची भावनाही कुणाला नसते.

गाळणी कशी चालते ते सांगतो, कारण बाहेरच्यांना तिची कल्पना नसते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नववीतली एक मुलगी येत असे. मराठी वाचन उत्तम, इतिहासात रस, गणितात पहिल्या सत्रात चाळीसपैकी अकरा. फेब्रुवारीत तिच्या आईला शाळेत बोलावलं. आई चेंबूरला चार घरची कामं करते, तिने दोन घरी खाडा केला आणि गेली. बाई अगदी गोड बोलल्या. "ताई, मुलगी गुणी आहे हो, पण दहावीचं गणित तिला झेपायचं नाही. नापास झाली तर वर्ष जाईल. त्यापेक्षा दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसेल. तिचंच भलं आहे."

सतरा नंबरचा फॉर्म हा शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा अर्ज. शाळा सुटलेल्या कामगारांसाठी, लग्न होऊन घरी बसलेल्या बायकांसाठी ही सोय फार मोलाची आहे. पण रोज हजेरी लावणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला तो फॉर्म दाखवणं म्हणजे तिला सभ्य भाषेत दार दाखवणं. आईने शाळेचे आभार मानले आणि अर्जावर सही केली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात लिहिलं गेलं, 'पालकांच्या विनंतीवरून'.

दाखला हातात पडायला उशीर झाला, फॉर्मची मुदत टळली, वर्ष गेलंच. त्या वर्षात मुलगी घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवत होती, डझनाच्या भावाने. पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली आणि गणित सोडून सगळ्या विषयांत पास झाली. तिला शाळेत ठेवून वर्षभर गणित शिकवलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर आता कुणीच देऊ शकत नाही. तिच्या शाळेचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लागला. हिशेबात चूक नाही. ती छेदातच नव्हती.

*

शाळेच्या टक्केवारीचं राहू द्या, राज्याची बघू. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० झाला. २०२० मध्ये ९५.३०. एका वर्षात राज्यातल्या मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घसरली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असं मानायचं का? झालं होतं इतकंच की २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रांमधले शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले होते. ओरड झाल्यावर ते परत दिले. शिवाय २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण मिळाले. आणि २०२१ ला, करोनामुळे परीक्षाच झाली नाही त्या वर्षी, निकाल लागला ९९.९५ टक्के. महाराष्ट्राच्या शालेय इतिहासातला असा देदीप्यमान निकाल परीक्षा न घेता मिळाला, याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी.

त्यानंतरही आकडा नव्वदीच्या खाली आलेला नाही. २०२५ चा निकाल ९४.१० टक्के. पण ही बातमीतली टक्केवारी नियमित विद्यार्थ्यांची असते. खाजगी विद्यार्थ्यांची आणि पुनर्परीक्षार्थींची वेगळी लावतात, ती बरीच खाली असते आणि मथळ्यात कधीच येत नाही. म्हणजे शाळेने ज्यांना बाहेर काढलं ती मुलं आधी शाळेच्या छेदातून जातात, मग राज्याच्या मथळ्यातून. दोनदा पुसली जातात.

आणि जी फॉर्मसुद्धा भरत नाहीत ती तिसऱ्यांदा. ती कुठल्याच तक्त्यात नसतात.

*

हे सगळं नववीतच का घडतं? कायदा बघितला तर उत्तर मिळतं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. तोवर शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचं संरक्षणही तिथेच संपतं. नववीची फी भरा नाहीतर दुसरी शाळा बघा. आता दुसरा कायदा बघा. बालकामगार कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, घरच्या धंद्यात हातभार लावण्याची तेवढी मुभा आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मात्र धोकादायक उद्योग सोडून इतर कामं करता येतात. एका कायद्याचं दार ज्या वाढदिवशी बंद होतं, त्याच वाढदिवशी दुसऱ्या कायद्याचं उघडतं. यात कुणाचा कट असेल असं मला वाटत नाही. पण गोवंडीतल्या मुलाच्या दृष्टीने दोन्ही दारं एकाच भिंतीत आहेत.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा हिशेब होता. बारापासून चौदापर्यंत यायला आपल्याला एकशे अठ्ठावीस वर्षं लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अठरापर्यंतच्या शिक्षणाची भाषा केली आहे. धोरणात. कायदा अजून चौदावर उभा आहे.

*

आता अभ्यासाबद्दल, कारण 'मुलांना येतच नाही त्याला शाळा काय करणार' हा आक्षेप येणार आणि तो पोकळ नाही. मुलांना खरंच येत नाही.

नववीच्या गणित भाग एकचं पुस्तक उघडा. पहिलं प्रकरण संच, दुसरं वास्तव संख्या. दुसऱ्यात करणी येतात. वर्गमुळात अडकलेल्या संख्यांची बेरीज-वजाबाकी, छेदाचं परिमेयीकरण. आमच्या रविवारच्या वर्गात नवीन आलेल्या मुलाला आम्ही आधी एक गणित देतो, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. बरीच मुलं उत्तर लिहितात दोन पंचमांश. वर वर मिळवायचं, खाली खाली मिळवायचं. मग विचारतो, अर्धी भाकरी खाल्लीस, वर अजून थोडी खाल्लीस, तर एकूण अर्ध्याहून कमी कशी झाली? मूल हसतं आणि लगेच चूक पकडतं. म्हणजे डोकं शाबूत आहे. पाचवी-सहावीत कुणी भाकरी समोर ठेवली नाही, इतकंच. ज्याच्या डोक्यात छेद या गोष्टीला अर्थच नाही, त्याला आपण नववीच्या जुलैत छेदाचं परिमेयीकरण शिकवतो. तो वहीत सगळं सुबक उतरवून घेतो. त्याची वही बघून शिक्षकांना आणि पालकांना वाटतं, चाललंय.

या मुलांची घरं दहा बाय बाराची. रात्री साडेदहाला टीव्ही बंद झाल्यावर अभ्यासाची जागा होते आणि पहाटे पाण्याच्या वेळेला मोडते. वर्गात साठ-सत्तर मुलं. शिक्षकांच्या मागे मतदारयादीपासून निवडणुकीपर्यंतची कामं. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही मुख्याध्यापकांच्या हातात नाही, हेही मला मान्य आहे. निकाल घसरला की खुलासा त्यांनाच द्यावा लागतो, पुढच्या वर्षीचे प्रवेश घटतात, पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. शिक्षक दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. दाखला काढायला सांगणाऱ्या त्या बाई बहुधा मनापासून बोलत होत्या. पण ज्या व्यवस्थेत कच्च्या मुलाला शिकवण्याचं बक्षीस शून्य आणि त्याला घालवण्याचं बक्षीस फ्लेक्सवर, तिथे चांगली माणसंही हळूहळू घालवायला लागतात. मग त्यालाच मुलाचं भलं म्हणू लागतात.

*

दुसरा आक्षेप घराघरात ऐकू येतो. 'आठवीपर्यंत नापास करायचं नाही या धोरणाने वाटोळं केलं. आमच्या वेळी पाचवीत नापास करायचे, म्हणून पोरं अभ्यास करायची.' जी नापास झाली ती पुढे कुठे गेली, हे या वाक्यात कधीच नसतं. ती पाचवीत शाळेबाहेर गेली. आठवणी सांगायला उरले ते पास झालेले. म्हणजे आपल्या बालपणीच्या गोड आठवणींचाही छेद गंडलेला आहे.

कायद्याने 'नापास करू नका' एवढंच सांगितलं नव्हतं. मुलाचं सातत्याने, सर्व अंगांनी मूल्यमापन करा आणि कुठे अडलंय ते शोधा, असंही सांगितलं होतं. आपण पहिला भाग अमलात आणला कारण तो फुकट होता. दुसऱ्याचे तक्ते भरले. मग 'धोरण फसलं' म्हणून २०१९ साली कायदा बदलून पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. नापास केल्याने काय शिकवलं जातं? ज्या मुलाचं अडखळणं अपूर्णांकात आहे त्याला पुन्हा वर्षभर करणीच शिकवणार. तोच प्रोग्राम, तोच इनपुट, आणि दुसऱ्यांदा चालवला की वेगळं उत्तर येईल ही आशा. आमच्या धंद्यात याला हसतात.

तिसरा आक्षेप पालकांवर. 'यांना पडलेली नसते.' हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खोटा. चार घरची भांडी घासणारी बाई महिन्याला क्लासची फी भरते, मुलीच्या वहीवर काय लिहिलंय ते वाचता येत नसताना रोज वही उघडून बघते, पानं भरली आहेत ना एवढं तपासते. तिला पडलेली आहे. तिला नियम माहीत नाहीत. बाईंनी 'विनंती' करायला सांगितली तर ती करते.

चौथा आक्षेप बुद्धिमान लोक घेतात. 'सगळ्यांनी दहावी झालंच पाहिजे का? कौशल्य शिकू द्या.' हे बोलणाऱ्याचा मुलगा कधी नववीतून वायरमनकीकडे वळलेला मी पाहिलेला नाही. दहावीचं प्रमाणपत्र हे गरिबाचं जन्मतारखेपासून शिक्षणापर्यंतचं सगळं सांगणारं एकमेव भक्कम कागदपत्र असतं. आयटीआयच्या बहुतेक बऱ्या ट्रेडना ते लागतं. आखातात कामाला जायचं म्हटलं तरी दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर परदेशी कामासाठी वेगळ्या मंजुरीचा शिक्का पडतो. आमच्या भागातली कितीतरी पोरं त्या शिक्क्यापाशी एजंटच्या हाती सापडतात. कौशल्य जरूर शिका, पण दहावीच्या जागी शिकायचं कौशल्य फक्त एकाच पिनकोडला का सुचवलं जातं?

*

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याने नव्वदच्या दशकात शाळांना परीक्षेच्या निकालावरून जोखायला सुरुवात केली. परीक्षा दहावीत होती. ह्यूस्टनसारख्या शहरांतल्या गरीब वस्त्यांच्या हायस्कुलांत निकाल चढत गेले आणि 'टेक्सासचा चमत्कार' देशभर गाजला. ह्यूस्टनच्या शाळांचे प्रमुख २००१ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले. पुढे कळलं की नववीत मुलं तुंबत होती. परीक्षेच्या आधीच्या वर्षात अडवली जात होती, त्यात लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलं जास्त. आणि २००३ मध्ये उघड झालं की एका हायस्कूलमधून वर्षात चारशेहून अधिक मुलं निघून गेली असताना कागदावर गळती शून्य दाखवली होती. नववीची गाळणी त्यांनीही शोधून काढली होती, आपल्याशी न बोलता. इंग्लंडमध्येही शाळेच्या सोयीसाठी मुलांना पटावरून घालवण्याचा प्रकार इतका रुळला की त्याला 'ऑफ-रोलिंग' असं नाव पडलं, आणि तिथल्या शाळा तपासणाऱ्या यंत्रणेला त्याची दखल घ्यावी लागली. आपल्याकडे नाव नाही. नाव नसलेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही.

अमेरिकेने पुढे एक साधी गोष्ट केली. २००८ मध्ये नियम बदलला, की हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आता सगळीकडे एकाच पद्धतीने काढायचं. चार वर्षांपूर्वी नववीत जितकी मुलं आली तितकी छेदात धरायची. मूल दुसऱ्या शाळेत गेलं म्हणून वजा करायचं तर त्याचा कागद हवा. कागद नसेल तर ते तुमचंच आणि ते नापास. याने तिथल्या शाळा रातोरात सुधारल्या नाहीत, पळवाटाही निघाल्या. पण निदान गेलेलं मूल हिशेबात राहू लागलं.

आपल्याकडे हे करायला काही नवीन लागणार नाही. महाराष्ट्रात 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक आहे. केंद्राच्या युडायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. शाळेतून गेलेलं आणि दुसरीकडे न पोहोचलेलं मूल त्यात 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या कप्प्यात पडून राहतं. शिक्षक हा शब्द अगदी सहज वापरतात, "ती ड्रॉपबॉक्समध्ये आहे." म्हणजे सरकारला त्या मुलीचा क्रमांक माहीत आहे, ती कुठल्या शाळेतून कुठल्या महिन्यात गेली ते माहीत आहे. एखाद्या शाळेत आठवीला किती मुलं होती आणि त्यातली किती दहावी झाली, हे काढायला माझ्या टीममधल्या सगळ्यात नवख्या मुलीला एक दुपार लागेल. मंडळाची आणि शाळांची माहिती एकमेकांना जोडायची कटकट धरली तर आठवडा. प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही. आकडा बाहेर आला की बऱ्याच फ्लेक्सची पंचाईत होईल.

*

मागण्या तीन आहेत.

एक. प्रत्येक शाळेचा दहावीचा निकाल आठवीच्या पटावर काढा आणि नेहमीच्या निकालाशेजारी छापा. मूल दुसऱ्या शाळेत पोहोचलं तर ते त्या शाळेचं. कुठेच पोहोचलं नाही तर जिथून गेलं तिथलं. नववीनंतर सतरा नंबर भरलेली मुलं पुढची दोन वर्षं जुन्या शाळेच्याच हिशेबात धरा. मग बघा, किती शाळांना तो फॉर्म मुलीच्या भल्याचा वाटतो ते.

दोन. या आकड्यावरून शाळेला शिक्षा करू नका, माणसं द्या. नाहीतर या आकड्याशीही खेळ सुरू होईल. नववीच्या जूनपासून दिवाळीपर्यंत ज्यांना लागेल त्यांना अपूर्णांक, ऋण संख्या, भागाकार आणि वाचन शिकवा. ही कल्पनाही याच शहरातली आहे. 'प्रथम'ने मुंबई आणि बडोद्यात बालसखी ठेवल्या होत्या. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वेगळं काढून त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायच्या. अभिजीत बॅनर्जी आणि एस्तर डफ्लो यांनी त्याची शिस्तशीर चाचणी घेतली आणि मुलांचे गुण वाढल्याचं दाखवलं. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या कामात अशा प्रयोगांचा वाटा आहे. प्रयोग आपल्या गल्लीत झाला, नोबेल जगाने दिलं, आणि आपल्या नववीत अजून करणीच चालू आहेत. चौदा वर्षांच्या मुलांसाठी पद्धत बदलावी लागेल. तत्त्व तेच राहील, मूल आहे तिथून सुरुवात.

तीन. शिक्षण हक्क कायदा अठरा वर्षांपर्यंत न्या. तोवर निदान नववीतल्या मुलाला शाळेने दाखला काढायला सुचवणं हा नियमभंग ठरवा आणि 'पालकांच्या विनंतीवरून' या शब्दांवर विसंबू नका. पालकांना फोन करून विचारा की विनंती कुणी केली.

हे सरकार लगेच करेल असं समजण्याइतका मी भोळा नाही. पण या मासिकाचे वाचक शाळांच्या कार्यक्रमांना जातात, माजी विद्यार्थी संघात असतात, संस्थांना देणग्या देतात, कुणी संस्थाचालकांचे मित्र असतात. तुम्हाला स्टेजवर बसवून शंभर टक्के निकालाचं कौतुक ऐकवलं जाईल. त्यावेळी टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, "सर, ही मुलं आठवीत होती तेव्हा पट किती होता?" शाळेचा पट शाळेला नेहमी ठाऊक असतो, त्यावर शिक्षकांच्या जागा ठरतात. उत्तर पटकन आलं तर शाळा बहुधा चांगली आहे. सर इकडेतिकडे बघू लागले तर देणगीचा चेक खिशात ठेवा आणि सांगा, नववीत गेलेल्या मुलांची यादी द्या, त्यांच्या गणिताची फी मी भरतो.